मामाचं जावळ

माझ्या मामाला ज्या गोष्टीचा अभिमान वाटत नाही अशी एकही गोष्ट आजवर त्याच्या मालकीची झालेली नाही. वाक्य जरा मोठं झालं असेल, पण त्यातला एकही शब्द मला कमी करता येत नाही. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत सगळ्यांना पाणी एकाच टाकीतून येतं, तरी मामाच्या मते आमच्या नळाचं पाणी गोडीला वेगळं. ताप सगळ्यांना येतो. मामाला आला की तो इतरांच्या तापापेक्षा अर्ध्या अंशाने तरी वरचा असतो, आणि थर्मामीटर तो आल्यागेल्याला लांबून दाखवतो, 'हात लावू नका, पारा उतरेल' असं बजावून. दाढ काढली तेव्हा ती पुडीत बांधून घरी घेऊन आला आणि मामीच्या हातावर ठेवून म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, अशी मुळं त्यांनी आयुष्यात बघितली नाहीत." मामीने पुडी तशीच खिडकीतून बाहेर टाकली. 

मी मूळची मानखुर्दची. वडील कारखान्यात, आई घरी, आणि दोघांच्याही घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. मला कॉलेज घाटकोपरला मिळालं, आणि घरी अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून मी मामाकडे राहायला आले आणि त्या दिवसापासून मीही त्याच्या मालकीच्या वस्तूंत जमा झाले. "ही माझी भाची. सायन्सला आहे," असं तो भाजीवाल्याला सांगायचा, आणि भाजीवाल्याने मान वर केली नाही तर "बॉटनी घेणार आहे" असं वर जोडायचा. मी शेजारी पिशवी धरून जमिनीकडे बघत उभी. प्रॅक्टिकलला देठाचा पातळ काप घ्यायला बसले की माझा काप हमखास जाड यायचा, आणि सरांना शंका विचारायची तर मी ती इंग्रजीत आधी घरून पाठ करून न्यायची. मामाच्या लेखी मात्र मी तेव्हाच ग्रॅज्युएट होते. चाळीत कुणाची तुळस सुकली तरी तो मला हाक मारायचा, "बाय, जरा येऊन बघ गो, हिला काय झालंय," आणि मी काही सांगायच्या आत स्वतःच कुंडीतली माती हलवून, जास्त पाणी घालता म्हणून त्या घरच्या बाईला झापून मोकळा व्हायचा. जाताना म्हणायचा, "भाचीनं सांगितलं म्हणून कळलं."

तो स्वतः ट्रॉम्बेला, जिथे अणूचं काम चालतं तिथे नोकरीला. म्हणजे तिथल्या बागेत. इमारतींच्या मधे गुलाबाचे वाफे आहेत, ते गुलाब मामाच्या हातचे. जंगली गुलाबाच्या काडीला चीर द्यायची, तिच्यात चांगल्या जातीचा कोंब बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची, याला डोळा भरणं म्हणतात. त्या कामात मामाचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. पण चाळीत कुणी "तिकडे नेमकं काय करता?" असं विचारलं की मामा आवाज खाली आणायचा. "ते सांगता येत नाही. सरकारी आहे." समोरच्या खोलीत राहणारा बाबी हा मामाचा लहानपणापासूनचा दोस्त. आधी गिरणीत होता, मग मुलुंडच्या एका कंपनीत वॉचमन झाला. तो एकदा म्हणाला, "अरे पण काल बसमधून शेणखताची पिशवी घेऊन उतरलास ना तू? मी बघितला." मामा शांतपणे म्हणाला, "ते पण सरकारी आहे."

अशा माणसाचं डोकं तिशीतच मोकळं व्हायला लागलं. लग्नाच्या फोटोत त्याचे केस असे आहेत की शेजारी शालू नेसून मामी उभी असूनही नजर आधी तिकडेच जाते. मामी अजून त्या फोटोवर थोडी रागावून असते. पुढे कपाळ मागे मागे सरकत गेलं आणि कानांच्या वर नुसती झालर उरली. मला खात्री आहे, मामाने टकलाचाही अभिमान बाळगला असता. उन्हात ते कसं चकाकतं हे त्याने बोलावून बोलावून दाखवलं असतं. पण बाबीने घोटाळा केला. गणपतीत सगळे मंडळाच्या खोलीत जमलेले असताना तो म्हणाला, "ह्याचे केस अणूनं खाल्ले." लोक हसले, आणि हसून विसरून जायच्या ऐवजी त्यांनी ते खरं धरलं. ज्या दोरीवर मामाचा शर्ट वाळत असेल तिच्यावर शेजारच्या बायका कपडे घालीनाशा झाल्या. मामाने आणलेले गुलाब देवाला चालतील का, असं एकीने माझ्या आजीला, म्हणजे मामाच्या आईलाच विचारलं. स्वतःवरचं हसणं मामाला चालत होतं, पण आता बोल त्याच्या ट्रॉम्बेवर आला होता, गुलाबांवर आला होता, आणि ते त्याला सोसेना.

"बाय, तू सायन्सची. खरं सांग, अणूनं केस गेले माझे?"

"बागेत काम करून कसे जातील, मामा? आजोबांनाही नव्हतेच की."

"मग हे खाली जाऊन सगळ्यांना सांग."

चार माणसांपुढे उभं राहिलं की माझा घसा बंद होतो, हे त्याला माहीत होतं. माझ्या तोंडाकडे बघून त्याने सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "राहू दे. केसच सांगतील."

त्याचा बेत असा होता. ट्रॉम्बेला दर जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं आणि बक्षीस मिळवणाऱ्या माळ्यांचा मोठ्या साहेबांबरोबर फोटो निघतो. मामा त्या फोटोत बरीच वर्षं होता, पण प्रत्येक फोटोत डोक्याला टोपी. येत्या जानेवारीत टोपी काढून उभं राहायचं. पाठीमागे अणुभट्टीचा घुमट दिसला पाहिजे, पुढे आपण, केसांसकट. आणि तो फोटो मंडळाच्या खोलीत बाबी जिथे कॅरमला बसतो त्याच्या नाकासमोर टांगायचा. यासाठी केस हवे होते. ट्रॉम्बेतल्या एका इंजिनियरसाहेबांनी अंधेरीच्या एका डॉक्टरकडून डोक्यावर केस बसवून घेतले होते. मामाने त्यांच्या गुलाबांना पाणी घालता घालता पत्ता मिळवला आणि डॉक्टर इंग्रजीत बोलले तर असू दे म्हणून मला बरोबर घेतलं.

डॉक्टर अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलले. डोक्याच्या मागचे केस गळत नाहीत, म्हणून तिथून बारीक गोल नळीने केसांचे ठिपके मुळासकट काढायचे आणि पुढच्या बाजूला तेवढीच भोकं पाडून त्यांत बसवायचे, असं ते समजावू लागले. "म्हणजे डोळा भरणं," मामा म्हणाला. डॉक्टरांना ते कळलं नाही. मग मामाने त्यांना गुलाबाचा डोळा कसा भरतात, चीर किती खोल द्यायची, पट्टी कधी सोडायची हे सगळं सांगितलं आणि डॉक्टरांनी ते ऐकूनही घेतलं. त्यानंतर डॉक्टर फार महत्त्वाचं बोलले. ते म्हणाले की बसवलेले केस काही आठवड्यांत गळून पडतील. घाबरायचं नाही. मूळ आत राहतं, तीन-चार महिन्यांनी त्यातून नवे केस येतात. हे मी नीट ऐकलं. मामा त्या वेळी खिडकीतल्या मनीप्लांटची कुंडी लहान पडते आहे असं तिथल्या नर्सला सांगत होता.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मामा, ते म्हणाले, केस आधी गळतील."

"ते दुसऱ्यांचे. माझ्या हातचा डोळा आजवर गळला नाही."

"पण हात डॉक्टरांचा आहे."

"डोकं माझं आहे ना."

मामीला त्या वर्षी लोखंडी कपाट हवं होतं. कपाटाच्या जागी केस येणार हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "केसांना आरसा तरी असू दे. कपाटाला होता." पण ऑपरेशनच्या दिवशी तीच बरोबर गेली. मामा परत आला तो डोक्याला फेटा बांधल्यासारखं बँडेज घेऊन, आणि चाळीच्या मागच्या जिन्याने न येता पुढच्या, लांबच्या जिन्याने, प्रत्येक मजल्यावर दम खात. पट्टी सुटली तेव्हा कपाळाच्या वर ओळीने केसांचे बारीक खुंट दिसले, मधे सारखं अंतर सोडून. आजीला मोतीबिंदूमुळे धूसर दिसायचं. तिने तळहात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "भाताची लावणी केल्यासारखा लागता रे, झिला." झिला म्हणजे मुलगा, आजीचं बोलणं शेवटपर्यंत मालवणीच राहिलं. मामाला ते इतकं आवडलं की पुढे तो ऑपरेशन हा शब्दच वापरेना. "मे महिन्यात लावणी केली," असं सांगायचा. खिशात कंगवा आला. विंचरण्यासारखं काही नव्हतं, पण तो अधूनमधून काढून बघायचा. बाबीला त्याने जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं केलं आणि स्वतः वरच्या पायरीवरून डोकं वाकवलं. बाबी बराच वेळ बघत राहिला. "ओळ सरळ आहे," एवढं त्याला कबूल करावं लागलं.

मग एका रविवारी मामा मोरीत गाणं म्हणत आंघोळ करत होता आणि गाणं मधेच थांबलं. आम्हाला वाटलं, साबण डोळ्यात गेला. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तो ओला टॉवेल दोन्ही हातांवर आडवा धरून, तान्हं मूल आणावं तसा. टॉवेलावर खपल्या होत्या आणि खपल्यांना ते खुंट चिकटलेले होते.  आजी म्हणाली, "काय झाला?" आणि उठून चाचपत येऊन तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "खंय गेले रे?" मामी टॉवेल त्याच्या हातातून घेऊन म्हणाली, "कपाट पण नाही, केस पण नाहीत." पण ते बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि तो टॉवेल तिने झटकला नाही, घडी करून बाजूला ठेवला.

टोपी परत आली. बाबीला बातमी लागायला दुपारही उलटली नाही. "अणूनं परत खाल्ले," तो गॅलरीतून म्हणाला. मामा कठड्याला टेकून म्हणाला, "तू कधी लावणी केलीयस रे? रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावलं की आधी पिवळं पडतं. माना टाकतं. शहाणा माणूस तेव्हा शेतात जाऊन बोंब मारत नाही." बाबी आत निघून गेला, कारण त्याने लावणी केली होती. पण मी मामाला घरात बघत होते. सकाळी उजेड पडला की तो दाढीचा आरसा घेऊन खिडकीशी जायचा, डोकं तिरकं करून काही शोधायचा आणि आरसा हळूच खिळ्याला लावून ठेवायचा. कशाचाही अभिमान नाही असा मामा मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

एका संध्याकाळी तो माझ्या पुस्तकाशेजारी येऊन बसला. "बाय, तो डॉक्टर काय म्हणाला होता गो?"

मी सांगितलं.

"तसं नाही. तो म्हणाला तसंच सांग. इंग्रजीतलं इंग्रजीत."

मी आठवून आठवून सांगितलं, "हेअर विल फॉल. डोंट वरी. रूट इज इनसाइड."

"रूट इज इनसाइड," मामा म्हणाला. त्यानंतर हे रोजचं झालं. चहाच्या वेळी तो मला हाक मारायचा आणि मी ती तीन वाक्यं म्हणायची. आधी त्याच्यापुढे, मग मामीपुढे, मग आजीपुढे मराठी करून. एक दिवस तो मला मंडळाच्या खोलीत घेऊन गेला, कॅरम थांबवला आणि म्हणाला, "ही सायन्सची आहे. ऐका." मी कॅरमच्या सोंगट्यांकडे बघत उभी राहिले. पण रोज म्हणून म्हणून ती वाक्यं इतकी गुळगुळीत झाली होती की ती आपली आपण बाहेर आली, आणि त्यांच्या मागून माझी स्वतःचीही दोन-तीन आली: मूळ म्हणजे काय, ते कातडीत किती खोल असतं, ते जगलं की वरचं गेलं तरी पुन्हा येतं. सगळे ऐकत होते. परत येताना मामा जिन्यात म्हणाला, "बघ, घसा कुठे बंद झाला?"

आजीचा मात्र रूटवर भरवसा नव्हता, देवीवर होता. चाळीच्या वर टेकडीवर आमच्या गावच्या देवीची घुमटी आहे. मुंबईत आलेल्या गाववाल्यांनी ती बांधली. श्रावणात तिथे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे मंडळातले वयस्कर तात्या नारळ हातात धरून प्रत्येकाच्या वतीने देवीपुढे मागणं मांडतात आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. आपला आवाज टेकडीच्या पायथ्यापर्यंत जातो असा मामाचा अभिमान असल्याने तो प्रत्येक गाऱ्हाण्याला आपला "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या वर लावतो, गाऱ्हाणं कशाचं आहे तिकडे लक्ष न देता. त्या दिवशीही तसंच झालं. आजीने तात्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. तात्या म्हणाले, "आई माऊली, ह्या लेकरान डोक्यार लावणी केल्यान हा, ती रुजू दे."

"व्हय म्हाराजा."

"केस येऊ देत. येतले ते पयले केस, जावळ म्हणान, तुझ्या जत्रेक तुझ्या पायाशी वाहू."

"व्हय म्हाराजा," मामा एवढ्या मोठ्याने म्हणाला की घुमटीवरचे कावळे उडाले.

आजी रोज सकाळी एक गोष्ट करू लागली. मामा ड्यूटीला निघाला की तिच्या खाटेशी थांबून वाकायचा आणि ती तळहात त्याच्या डोक्यावरून पुढून मागे फिरवायची, तांदळातले खडे बघावेत तशी. मग हात काढायची, आणि मामा टोपी घालून निघायचा. गणपती आले आणि गेले. नवरात्राच्या आसपास एका सकाळी तिचा हात पुढेच थांबला. एकदा मागे गेला, परत पुढे आला. "झिला," ती म्हणाली, "टोचता रे."

मामाने आरसा घेतला नाही. तो तसाच वाकलेला राहिला. मी पुढे होऊन बघितलं. जिथे काही नव्हतं तिथे ओळीने काळे ठिपके वर आले होते. मामीचं शेगडीवरचं दूध उतू गेलं.

दिवाळीनंतर ते खरोखरचे केस झाले. राठ, उभे, ओळीने उगवलेले, आणि जवळून बघितलं तर झुबके झुबके दिसणारे, पण केस. मामाचा अभिमान पूर आल्यासारखा परत आला. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की तो नमस्काराला जरुरीपेक्षा जास्त वाकायचा. बाबीला त्याने केस ओढून बघायला लावलं. बाबीने ओढले, चांगले जोरात. "मुळातले आहेत," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "अणू हरला म्हणायचं." त्या आठवड्यात आमच्या दोरीवर शेजारणीच्या साड्या दिसल्या. प्रदर्शनाआधी वाफ्यांची पाहणी होते, तिच्यात मामाच्या एका गुलाबाला पहिलं बक्षीस ठरल्याची बातमीही ट्रॉम्बेहून आली. फोटोसाठी आता फक्त जानेवारी यायचा बाकी होता.

आणि फोटोच्या आधी जत्रा आली. पौषातली, प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी. तात्या घरी येऊन चहा घेत म्हणाले, "मग जावळाची तयारी काय?"

"कुणाचं जावळ?" मामाने विचारलं.

"तुझा."

"मी कधी बोललो?"

बाबी दारात उभा होता. "सगळ्यात मोठ्यान तूच म्हणालास. मुलुंडपर्यंत ऐकू गेला."

मामाने आजीकडे बघितलं. आजी खाली बघत होती. तात्या गेल्यावर मामी म्हणाली, देवीला काय घाई आहे, जत्रा पुढच्या वर्षी पण येईल. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, मूळ आत आहे, कापले तरी केस परत येतील. फक्त प्रदर्शनापर्यंत येणार नाहीत. पण पहिले केस म्हणजे पहिले. एकदा कात्री लागली की पुढचे पहिले राहत नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. मामाने खिशातला कंगवा काढला आणि परत ठेवला.  आजी त्याला जावळ काढ म्हणालीच नाही, एवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ड्यूटीला निघताना खाटेशी गेला तर आजी नेहमीसारखी बसलेली नव्हती. ती चांगलं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि पुटपुटत होती. टेकडी चढून देवीपुढे काय बोलायचं त्याची ती तयारी करत होती. "आई माऊली, चुकी माझी. लेकराक काय ठाऊक नव्हता. मी दिलेलो शब्द मी मागे घेतंय." तिथे ती अडली. परत पहिल्यापासून सुरू केलं, आणि "मागे घेतंय" पाशी परत अडली. आजीने मुंबईत येऊन मुलं वाढवली, कितीतरी घरची भांडी घासली, पण बोललेलं फिरवलं असं चाळीत कुणी म्हणू शकलं नसतं. तिला ते वाक्य जमतच नव्हतं.

मामा तिच्या मागे टोपी हातात घेऊन ऐकत होता. मग म्हणाला, "आये, नारळ खाली ठेव."

आजी वळली.

"माझ्या आयेचो शब्द मागे जाऊचो नाय," मामा म्हणाला. नंतर गॅलरीत जाऊन बाबीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बेचाळिसाव्या वर्षी जावळ होणारा माणूस आहे का तुमच्या घरात कुणी?"

जावळ मामाच्या मांडीवर बसून काढतात. माझं जावळ ह्याच मामाच्या मांडीवर झालं होतं, आणि मी इतकी रडले होते की त्याने त्याचाही अभिमान धरला होता. आता मामाला मामा हवा. आजीचा थोरला भाऊ कांदिवलीला राहायचा. ऐंशीच्या घरातला, काडीसारखा. त्याला निरोप गेला आणि तो खरोखर आला, रीतीप्रमाणे भाच्यासाठी नवा शर्ट घेऊन. शर्ट उघडला तर दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. "दुकानदार विचारी, केवढो आसा? मी हातान दाखवलंय," म्हातारा म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर भाचा अजून तेवढाच होता. घुमटीपुढे तो पाटावर मांडी घालून बसला, मांडी थोपटली आणि गंभीरपणे म्हणाला, "बस."

मामा दिसायला दांडगा. तो म्हाताऱ्याच्या मांडीच्या वर, तिला नुसता स्पर्श होईल इतपत, उकिडवा तोलून राहिला. जोर सगळा स्वतःच्या गुडघ्यांवर, कपाळावर घाम. "नीट बस रे," म्हातारा म्हणाला. "बसलंय," मामा दातांवर दात ठेवून म्हणाला. सलूनवाल्याने वस्तरा लावण्यापूर्वी विचारलं, "पुढचे ठेवू का थोडे?" मामा म्हणाला, "सगळे." पोरं हसत होती, बाया तोंडाला पदर लावून होत्या, आणि बाबी, ज्याने हे सगळं सुरू केलं होतं, तो मामा मागे पडू नये म्हणून त्याला दोन्ही काखांत धरून उभा होता. आजीने पडणारे केस पदरात झेलले, एकही खाली न सांडता, आणि देवीपुढे ठेवले. मग आली आणि तिने डोक्यावर हात फिरवला. तिचा चेहरा जरा उतरला. मामाने तो बघितला असावा. तो मोठ्याने म्हणाला, "रूट इज इनसाइड, आये." इंग्रजीत. आणि आजीने मान हलवली.

प्रदर्शनात मामाने टोपी घातली नाही. फोटो आला. मोठे साहेब, माळ्यांची रांग, सगळ्यांच्या डोक्याला टोप्या, आणि मधे गुलाब धरून मामा, गुळगुळीत डोक्याचा, छाती पुढे काढलेला. मागे घुमट आणि पुढे मामाचं डोकं, दोन्ही सारखेच चकाकणारे. तो फोटो बाबीनेच मंडळाच्या खोलीत खिळा ठोकून लावला. नवीन कुणी विचारलं तर तोच सांगतो, "टक्कल नाय ता. जावळ हा." आणि मी तिथे असले तर उरलेलं मी सांगते, अगदी पहिल्यापासून, न अडखळता.

त्या वर्षी केस परत आले. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. गेल्याच महिन्यात आजी गेली. मामाने तेव्हा मुंडण केलं ते नुसत्या पाटावर बसून. कांदिवलीचे आजोबा आले होते, शेजारी बसले होते, पण मांडीचं कुणाला सुचलं नाही. बाबी मात्र मागे उभा होता.

आता पुन्हा ठिपके वर आले आहेत, ओळीने, अंतर सोडून. मामा सकाळी निघताना अजून खाटेशी थांबतो आणि सवयीने वाकतो. खाट रिकामी असते, तिच्यावर माझी पुस्तकं असतात. कधी तो तसाच सरळ होऊन टोपी घेतो. परवा मी तिथे बसून वाचत होते. तो वाकला, तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आजीसारखा हात पुढून मागे फिरवला.

"टोचतंय का गो?" त्याने खाली बघतच विचारलं.

"टोचतंय, मामा."

"आमच्याकडचे केस राठच," तो म्हणाला, आणि टोपी न घालता जिना उतरून गेला.